सांकेतिक भाषेचा दुभाषी : शिक्षण आणि व्यवसाय

न्यायालयात, रुग्णालयात किंवा बँकेत कर्णबधिर व्यक्ती आली की तिच्यासोबत बहुधा कोणीतरी नातेवाईक असतो. तो चार हातवारे करतो, ती मान डोलावते आणि काम झाले असे सर्वांना वाटते. ते खरोखर झाले की नाही, हे सहसा कोणी तपासत नाही. प्रस्तुत लेखात या मधल्या माणसाचा, म्हणजे सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा आणि त्याला लागणाऱ्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांतील सर्वच जण सांकेतिक भाषा वापरतात असे नाही, तरीही हा विषय थोड्याथोडक्यांचा नाही, हे यावरून लक्षात यावे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांकेतिक भाषा म्हणजे मूकाभिनय नव्हे आणि मराठी किंवा हिंदी वाक्यांचे हातांनी केलेले शब्दशः रूपही नव्हे. ती स्वतंत्र भाषा आहे. अमेरिकेतील विल्यम स्टोको या प्राध्यापकाने १९६० साली तेथील बधिरांच्या खुणांचा भाषाशास्त्राच्या पद्धतीने अभ्यास मांडला आणि विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. आपल्याकडे १९७० च्या दशकात वसिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन या अभ्यासकांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगळूर येथील बधिरांच्या खुणा तपासल्या. या शहरांतील खुणांत फरक असूनही बरेच साम्य त्यांना आढळले.

भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो आणि काळ दाखविणारी खूण सहसा आरंभी येते. ‘तुझे नाव काय’ हा आपला मराठी क्रम तिला जवळचा आहे. इंग्रजीत विचार करणाऱ्याची मात्र तारांबळ उडते. चेहरा हा या भाषेत व्याकरणाचा भाग असतो. तीच खूण भुवया उंचावून केली तर प्रश्न होतो आणि मान हलवून केली तर नकार होतो. बोलण्यातील माणसांना समोरच्या हवेत जागा नेमून दिलेली असते. सासरा उजवीकडे आणि जावई डावीकडे ठेवला की पुढे कोणी कोणाला पैसे दिले हे केवळ हाताच्या दिशेवरून कळते. दुभाष्याने दिशा चुकविली तर देणारा घेणारा होऊन बसतो.

ही भाषा शिकविण्याची सोय इतक्या उशिरा का झाली, याचे कारण जुने आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांना खुणांऐवजी केवळ ओठांच्या हालचाली पाहून व बोलून शिकवावे, असा ठराव केला. त्याचा प्रभाव जगभर पसरला आणि आपल्याकडील शाळांतही कित्येक वर्षे मुलांना हात बांधून बसावे लागले. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला. दरम्यान एकशेतीस वर्षे गेली होती. जी भाषा वर्गात चालत नाही तिचे दुभाषी तरी कोठून तयार होणार? ते घरातच तयार झाले. आईवडील बधिर आणि मूल ऐकणारे, अशा घरांतील मुले लहानपणापासून दुभाष्याचे काम करीत आली. १९९६ चा ‘खामोशी’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना गोव्यातील त्या मुलीची ओढाताण आठवेल.

अशा मुलांकडून पुढे उत्तम दुभाषी घडले, हे खरे आहे. परंतु नातेवाईक आणि दुभाषी यांत फरक केलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस, म्हणून एक उदाहरण सांगतो. एका शाखेत, नाव सांगत नाही, एका कर्णबधिर गृहस्थाने पुतण्याच्या कर्जाच्या कागदांवर सही केली. समजावून सांगायला पुतण्याच होता. आपण साक्षीदार म्हणून सही करीत आहोत अशी त्या गृहस्थांची समजूत होती. प्रत्यक्षात ते जामीनदार झाले होते. हप्ते थकले आणि नोटीस घरी आली तेव्हा अर्थ उघड झाला. पुतण्याने मुद्दाम फसविले की ‘जामीनदार’ ही कल्पना खुणेने कशी सांगावी हेच त्याला ठाऊक नव्हते, हे आजही कोणाला सांगता येत नाही. शिकलेला, त्रयस्थ दुभाषी असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

उलट टोकाचे उदाहरण सर्व जगाने पाहिले आहे. १० डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांच्या शोकसभेत राष्ट्राध्यक्षांशेजारी उभा राहून एक मनुष्य हातवारे करीत होता. त्यांना काहीच अर्थ नाही, हे बधिर प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र तो दुभाषीच वाटला. काम करवून घेणाऱ्याला कामाची परीक्षा करता येत नाही, ही या व्यवसायाची मोठीच अडचण आहे. म्हणून प्रमाणपत्राला येथे विशेष महत्त्व येते.

आपल्या देशात ही व्यवस्था कशी आहे ते पाहू. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली आणि तेथे या शतकाच्या आरंभी सांकेतिक भाषेचे वर्ग सुरू झाले. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झाले. दुभाषी होण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आहे. तिला १९९२ च्या कायद्याने निर्माण झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असते. सांकेतिक भाषा शिकविण्याची वेगळी पदविका कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे, ही गोष्ट मला फार योग्य वाटते. ज्यांची भाषा त्यांनीच ती शिकवावी. केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. त्यात कायदा, वैद्यक, शेती अशा विषयांच्या संज्ञाही आहेत.

खुणा पाठ झाल्या म्हणजे दुभाषी झाला, असे मात्र नाही. बोलण्याचे खुणांत रूपांतर करणे तुलनेने लवकर जमते. खुणा पाहून त्याच वेळी शुद्ध मराठीत बोलणे अवघड जाते. त्यासाठी मराठी चांगली असावी लागते, याकडे तरुणांचे दुर्लक्ष होते. बोटांनी अक्षरे दाखविण्याची रूढ पद्धत इंग्रजी वर्णमालेवर आधारलेली आहे, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव दाखविताना दुभाष्याला आधी त्याचे इंग्रजी स्पेलिंग आठवावे लागते!

नियमही शिकावे लागतात. कर्णबधिर व्यक्ती ‘मला दुखते’ म्हणाली तर दुभाष्यानेही ‘मला दुखते’ असेच म्हणावे, ‘यांना दुखते म्हणतात’ असे नव्हे. स्वतःची भर घालू नये, सल्ला देऊ नये, ऐकलेले बाहेर बोलू नये. कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे असावेत, म्हणजे हात स्पष्ट दिसतात. सलग काम केल्यास वीस-तीस मिनिटांत मेंदू थकतो आणि चुका वाढतात. म्हणून लांबलेल्या कार्यक्रमास दोघे जण लागतात व ते आळीपाळीने काम करतात. आयोजकांना हा खर्च अनाठायी वाटतो, पण तो तसा नाही.

पदविका मिळाल्यावर शिक्षण संपत नाही. परिषदेकडील नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी वेळोवेळी उजळणी वर्ग करावे लागतात. न्यायालयाच्या कामाला तर वेगळीच तयारी हवी. पुरावा कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घेऊन तिचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात काम चालविले. तेथे ‘जामीन’, ‘तहकुबी’, ‘प्रतिज्ञापत्र’ हे शब्द क्षणात पोहोचवावे लागतात.

खेड्यातील प्रश्न याहून निराळा आहे. जी बधिर व्यक्ती कधी शाळेत गेली नाही तिला भारतीय सांकेतिक भाषा येत नसते. तिच्या घरापुरत्या खुणा असतात. अशा वेळी पदविकाधारक दुभाषीही अपुरा पडतो. मग दुसरा, स्वतः बधिर असलेला दुभाषी मध्ये बसवितात. तो त्या घरगुती खुणा व चेहरा वाचून अर्थ काढतो, पहिल्या दुभाष्याला सांकेतिक भाषेत सांगतो आणि तो तो अर्थ न्यायाधीशांपर्यंत शब्दांत पोहोचवितो. एका प्रश्नाला पाच-सात मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ साक्षीच्या तारखेलाच राखून ठेवावा, अशी मागणी वकिलाने आधी अर्ज देऊन करावी लागते.