निखाऱ्यावरचा स्वयंपाक आणि ग्लूटेनमुक्त आहार

गहू, जव आणि राय या धान्यांमधल्या प्रथिनांना ग्लूटेन म्हणतात. सीलिअॅक आजार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर झिजतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. कुणाला जुलाब आणि पोटफुगी होते, कुणाचे हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नाही, कुणाची हाडे ठिसूळ होतात, तर लहान मुलांची उंचीच खुंटते. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. त्यावर औषध नाही. आयुष्यभर काटेकोर ग्लूटेनमुक्त आहार हाच उपचार आहे.

घरच्या स्वयंपाकघरात हे पथ्य सांभाळता येते. अडचण येते ती चारचौघांत, आणि विशेषतः बार्बेक्यूच्या वेळी. सिंगापूरमध्ये बिशानसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रसंग नेहमीचाच आहे. अनेक कॉन्डोमध्ये रहिवाशांसाठी सामायिक बार्बेक्यू पिट असतो. वाढदिवस असो की शाळेच्या सुट्टीतली भेट, त्याचे बुकिंग होते. पाच-सहा कुटुंबे आपापले डबे घेऊन येतात आणि सगळ्यांचे अन्न एकाच जाळीवर भाजले जाते. आदल्या दिवशी त्याच जाळीवर कुणी काय भाजले होते, हे कुणालाच ठाऊक नसते.

उष्णतेने ग्लूटेन जात नाही

‘निखाऱ्यावर सगळे जळून जाते’ हा समज धोक्याचा आहे. जंतू उष्णतेने मरतात. ग्लूटेन हा जंतू नव्हे, ते प्रथिन आहे. भाजल्याने त्याचा रंग आणि पोत बदलतो, पण आतड्याला इजा करणारा भाग शिल्लक राहतो. पूर्ण राख होईपर्यंत जाळले तरच ते नष्ट होते, आणि रोजच्या वापरातल्या जाळीचा प्रत्येक कोपरा इतका तापत नाही.

किती ग्लूटेन चालते, याचे उत्तर फार लहान आकड्यात आहे. सीलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतच्या अंशाने इजा होत नाही. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेले तर काही महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसू लागतो. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लूटेन असते. म्हणजे जाळीवर बन शेकताना पडलेला चुराही दिवसाची मर्यादा ओलांडायला पुरतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात आणि भारताच्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांतही ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थाला किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, ती याच कारणाने.

ग्लूटेन कुठे लपते

पाव, बन आणि पिझ्झा तर सगळेच टाळतात. खरा धोका मॅरिनेडमध्ये आणि तयार पदार्थांत असतो.

सोया सॉस बहुधा सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवून बनवतात. चिकन विंग्जचे मॅरिनेड, दाट गोड सोया सॉस आणि ऑइस्टर सॉस या सगळ्यांत तो येतो. साते या काडीवर भाजायच्या पदार्थाचे मांस नुसत्या हळद-गवती चहा-धण्याच्या वाटणात मुरवले असेल तर ते सुरक्षित असते, पण त्यात किंवा शेंगदाण्याच्या चटणीत सोया सॉस पडला की ते वर्ज्य. माशाच्या वाटणाचा ओताह, फिशबॉल, क्रॅबस्टिक आणि सॉसेज यांत बांधणीसाठी गव्हाचे पीठ किंवा स्टार्च घातलेला असू शकतो. बिअर जवापासून बनते, म्हणून बिअरमध्ये मुरवलेले मांसही चालत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी सावधगिरी हवी. ब्राइट हिल रस्त्यावरचा कोंग मेंग सान हा मोठा बौद्ध मठ बिशानमध्येच आहे आणि चिनी शाकाहारी जेवण या भागाला चांगले परिचयाचे आहे. त्या जेवणातले ‘मॉक डक’, ‘मॉक चिकन’ यांसारखे अनेक पदार्थ कणीक धुऊन उरलेल्या शुद्ध ग्लूटेनचेच असतात. शाकाहारी म्हणून ते निर्धास्तपणे ताटात घेतले, तर सीलिअॅकच्या रुग्णाने गव्हाचा अर्कच खाल्ल्यासारखे होते.

मराठी घरातली सर्वांत मोठी फसगत हिंगाची. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचली की ते कळते. पनीर टिक्क्याच्या दह्यात, तयार मसाल्यांत, चटणीत असा हिंग सहज शिरतो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तोच घ्यावा. टिक्क्याला लावायचे बेसन गहू दळणाऱ्या गिरणीतले नसावे. ज्वारी, बाजरी, नाचणी मुळात ग्लूटेनमुक्त आहेत, पण दळताना गव्हाच्या पिठाची भेसळ झाली की तो गुण संपतो. मासे रव्यात घोळवण्याची सवयही इथे सोडावी लागते.

सिंगापूरमध्ये वेष्टनबंद पदार्थावर गहू, राय, जव, ओट आणि स्पेल्ट या ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख बंधनकारक आहे. त्यामुळे वेष्टन वाचणे हे सर्वांत भरवशाचे साधन ठरते. सुट्ट्या मॅरिनेट केलेल्या मांसावर किंवा हॉकर सेंटरमधून आणलेल्या पदार्थावर अशी यादी नसते. तेथे घटकांची खात्री झाली नाही, तर तो पदार्थ घेऊ नये.

जाळी, चिमटा आणि क्रम

सामायिक पिटची जाळी वरून स्वच्छ दिसली तरी ती उलटी करून पाहावी. सळयांच्या खालच्या अंगाला आणि जोडाच्या कोपऱ्यांत जुन्या मॅरिनेडचा काळा, चिकट थर बसलेला असतो. जाळी कितीही घासली तरी ती सुरक्षित धरू नये. घरून स्वतंत्र जाळी किंवा पत्र्याचा ट्रे आणणे उत्तम. ते जमले नाही तर जाड अॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर पसरावेत आणि त्याला भोके पाडू नयेत. पिटवरचा तारेचा ब्रश वापरू नये. त्यात जुना चुरा अडकलेला असतो, शिवाय सुटलेली तार अन्नातून घशात अडकण्याची भीती असते.

क्रम पाळला की निम्मा धोका टळतो. ग्लूटेनमुक्त पदार्थ सर्वांत आधी, स्वच्छ जागेवर भाजून झाकून ठेवावेत. दुमजली जाळी असेल तर ते वरच्या जाळीवर ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या पदार्थाचा रस त्यांवर गळत नाही. चिमटा, उलथने, तेल लावायचा ब्रश, सुरी आणि पाट हे सगळे वेगळे हवे. त्यांना रंगीत चिकटपट्टी लावली की गर्दीत अदलाबदल होत नाही. लाकडी काड्या नव्या वापराव्यात. सॉसच्या बाटल्या आणि लोण्याचा डबाही स्वतंत्र असावा, कारण बनला लावलेला चमचा पुन्हा डब्यात गेला की पूर्ण डबा बाद होतो. भाजणाऱ्याने पाव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, पिठाचा अंश निघत नाही.

सिंगापूरच्या दमट उकाड्यात एरवीचे नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. मॅरिनेट केलेले मांस फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावे. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. चिकनच्या आतले तापमान ७५ अंश सेल्सिअसला पोहोचले पाहिजे. कच्च्या मांसाचे उरलेले मॅरिनेड चटणी म्हणून वापरू नये. जळून कोळसा झालेला भाग काढून टाकावा. मांस करपताना आणि चरबी आगीवर ठिबकताना कर्करोगाशी संबंध असलेली रसायने तयार होतात.

काय भाजावे

निखाऱ्यावर भाजण्याची मराठी परंपरा जवळजवळ सगळी ग्लूटेनमुक्तच आहे. शेतातल्या आगटीत गोवऱ्यांवर भाजलेला ज्वारीचा हुरडा, रायगडात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून केलेली पोपटी, भरताचे वांगे, लिंबू-मीठ-तिखट चोळलेले कणीस, रताळे यांत गव्हाचा कण नसतो. बिशानच्या पिटवर हुरडा होणार नाही, पण कणीस, रताळी, वांगी, भोपळी मिरची, कांदा, पनीर सहज होते. सुरमई किंवा कोळंबी हळद, तिखट, आले-लसूण आणि कोकमाच्या आगळात मुरवून केळीच्या पानात गुंडाळली की ती जाळीला टेकतही नाही. सोबत भात, दही आणि काकडीची कोशिंबीर पुरेशी होते. सगळा बेतच असा ठरवला तर वेगळे चिमटे आणि रंगीत पट्ट्या सांभाळण्याची वेळच येत नाही, आणि पथ्यावरचे मूल इतर मुलांच्या पंगतीत त्यांच्याच ताटातले जेवते.

चूक झाली तर

सीलिअॅकच्या रुग्णाने चुकून ग्लूटेन खाल्ले तर उतारा नाही. भरपूर पाणी, जुलाब असल्यास ओआरएस आणि विश्रांती घ्यावी. त्रास वाढला किंवा थांबेना तर डॉक्टरांना भेटावे. गव्हाच्या अॅलर्जीची गोष्ट वेगळी असते. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास कोंडणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसताच जवळ असलेले अॅड्रेनालिनचे इंजेक्शन द्यावे आणि सिंगापूरमध्ये ९९५ वर रुग्णवाहिका बोलवावी.

फक्त संशयावरून गहू सोडू नये. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याची बायोप्सी गहू चालू असतानाच करावी. आधीच पथ्य धरले तर निदान निसटते. निदान पक्के झाले की पथ्यात सवलत नाही, सणाच्या दिवशीही नाही आणि बार्बेक्यूच्या संध्याकाळीही नाही. यजमानांनी पाहुण्याला पथ्य आधीच विचारावे, आणि पथ्य असणाऱ्याने ते संकोच न करता सांगावे.