'नरसी ना…'

मी नरसी नामदेवचा. कयाधूकाठचं, संत नामदेवांचं गाव. त्यामुळे पत्ता सांगताना अडचण कधी आली नव्हती. ती आणली माझ्याच प्रोग्रॅमने!

नोकरीत नवा असताना एका वेब फॉर्मच्या 'गाव' या रकान्याला मी २० बाइट दिले. जास्त झालं तर कापा, ही ओळही माझीच. ट्रेनिंगमध्ये सगळं टेस्टिंग इंग्रजीत केलेलं. इंग्रजीत आमचं गाव १२ बाइटमध्ये बसतं. धाकट्या भावाने मराठीत अर्ज भरला. पावतीवर आलं 'नरसी ना' आणि पुढे एक चौकोन. दाखल्यावरच्या गावाशी जुळेना म्हणून अर्ज परत.

रात्री हिशेब मांडला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं. म्हणजे १० चिन्हांचे ३०, मधल्या जागेचा १, एकूण ३१. 'नरसी ना' मध्येच १९ संपले. विसाव्या बाइटवर 'म'चा पहिला तुकडा तेवढा उरला, तोच तो चौकोन.

लांबी १५० बाइट केली, कापायची ओळ काढून टाकली. भावाने पुन्हा फॉर्म उघडला नि विचारलं, "दादा, आता नामदेव मावतील ना?"