वळणाआधीचा ब्रेक

हेवीचं लायसन्स मिळालं म्हणजे घाट जमला असं समजू नकोस, बाळा. कराडहून चिपळूणला माल न्यायचा म्हणतोस, म्हणजे वाटेत कुंभार्ली आलाच. दोन शब्द ऐकून जा.

ब्रेक वळणाच्या आधी. गाडी वळवते ती टायरची पकड आणि थांबवते तीही तीच. वळताना ती बरीचशी खर्ची पडलेली असते; त्यात करकचून ब्रेक मारलास की टायर सुटला. गोफणीतून सुटलेला दगड पाहिलायस ना, नाकासमोर जातो. गाडीही तशीच जाते, आणि घाटात नाकासमोर दरी असते. लोक म्हणतात गाडी बाहेर फेकली गेली. फेकतंय कोण? आत ओढणारी पकड संपली, एवढंच.

वेगाचा हिशेब मात्र पाठच कर. वेग दुप्पट, तर पकड चौपट लागते. २५ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी २० किलोमीटरला गाडीच्या वजनाच्या आठव्या हिश्श्याएवढा जोर पुरतो. ४० ला थेट निम्म्या वजनाएवढा लागतो. कोरडं डांबर तेवढा देतं. श्रावणात वळणावर लाल चिखल आणि कुजका पाला पसरलेला असला, तर त्याचा भरवसा धरू नकोस.

भरलेली गाडी जास्त घसरते असं ढाब्यावर ऐकशील. तसं नसतं, वजन वाढलं की पकडही जवळपास त्याच मापात वाढते. भरल्या गाडीचं दुखणं उलटण्याचं. म्हणून जड पोती तळाला, हलके खोके वर, आणि दोर असा आवळ की वळणात काही सरकणार नाही. अर्धा भरलेला टँकर समोरून आला तर त्याला जरा जास्त जागा सोड. आतलं पाणी हिंदकळून एका अंगाला जातं.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते. डोंगरी रस्त्याला हा उतार शंभराला दहापर्यंत देतात, तेवढंच टायरचं ओझं हलकं. पण कोंडीत तिथेच उभं राहायची वेळ आली, तर उंच मालाची गाडी आतल्या अंगाला कलते. शक्यतो सरळ पट्ट्यातच थांब.

उतरताना न्यूट्रल नाही म्हणजे नाही. ज्या गिअरला चढशील, त्याच गिअरला उतर. आणि निघण्याआधी मागच्या टायरांची नक्षी स्वतः बोट घालून बघ. मालक ‘चालतंय अजून’ असंच म्हणणार.