आत्मसंरक्षणासाठी कोणती विद्या शिकावी?



उसाच्या बिलातून फी भरायची आणि मुलीला शिक्षणासाठी सावेडीत खोली घेऊन द्यायची, हे आता पुष्कळ घरांत चालले आहे. संध्याकाळी क्लास सुटला की पोरगी खोलीवर एकटी चालत येते. म्हणून एका सभासदाने आम्हाला विचारले, "पोरीला कराटे लावू, का ज्यूदो? की आपली लाठीच बरी?" निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय खोटा धीर येतो. खोटा धीर भीतीपेक्षा वाईट. म्हणून हा पाठ.

कुस्ती : आपल्या मातीतली विद्या. समोरचा खरा जोर लावतो, त्यामुळे तोल राखणे व पकडीतून सुटणे अंगात मुरते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते याच विद्येवर. महिलांची कुस्तीही २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

ज्यूदो : जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली सुरू केला. कपडा धरून फेकणे हे याचे मर्म. पण पहिला धडा असतो तो न दुखता पडण्याचा. अंगावर येणारा मनगट नाहीतर कपडा धरतो, तेव्हा हे कामी येते.

कराटे व तायक्वांदो : पहिली ओकिनावाची, दुसरी कोरियाची. ठोसा व लाथ यांनी माणूस दूर ठेवता येतो. मात्र ओल्या रस्त्यावर, पायात चप्पल असताना डोक्याइतकी उंच लाथ मारायला गेले तर आपणच आपटायचे.

लाठी : रात्री पाण्यावर जाणाऱ्याला काठी हवीच. पण कॉलेजात ती कोण नेणार?

आमचे मत असे की, विद्येच्या नावापेक्षा शिकवण्याची रीत पाहावी. फी भरण्यापूर्वी दोन तास बसून बघा. विरोध करणाऱ्या जोडीदाराशी सराव होतो, की नुसते हवेत हातपाय? पडायला शिकवतात का? ओरडणे, सुटणे, पळणे यांचा सराव होतो का? सहा महिन्यांत काळा पट्टा देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. चांगली कुस्ती वा ज्यूदो जवळ असेल तर ती आधी घ्यावी. नसेल तर खऱ्या जोडीचा सराव देणारा कराटेचा वर्गही चालेल.

एक धडा आजच घरी करा. मनगट कोणी धरले तर मागे ओढू नका. धरणाऱ्याचा अंगठा व बोटे जिथे मिळतात, तिथली पकड कच्ची असते. त्या फटीतून हात झटक्याने वळवून काढा, मोठ्याने ओरडा आणि उजेडाकडे, माणसांकडे पळा. चाकू दिसला तर पर्स टाकून द्या, पर्स पुन्हा घेता येते.

कायदाही माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. पण बचावाला लागेल तेवढेच बळ वापरता येते. माणूस पळू लागल्यावर त्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे.

पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक मुलीला पाठ करून द्या. आणि मुलांनाही बसवून सांगा की, दुसऱ्याच्या पोरीच्या वाटेला जायचे नाही. हा धडा घरचाच, त्याला फी लागत नाही.