मोठ्या मत्स्यटाकीसाठी जैविक फिल्टर : मीडिया कसा निवडावा?



"सर, घाणेवाडीच्या तलावात मासे फिल्टरशिवाय जगतात, मग घरच्या टाकीत का मरतात?" नायट्रोजन चक्र शिकवताना नववीतल्या एका मुलाने विचारलं. प्रश्न मला चांगलाच लागला. त्याच उन्हाळ्यात आमच्या घरचे सहा गोल्डफिश मेले होते आणि चूक माझीच होती. फिल्टरमधल्या सगळ्या रिंगा मी नळाखाली घासून चकचकीत केल्या होत्या. पाणी नितळ दिसत होतं, तरी चार दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले.

नेमकं काय घडलं?
माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. हे जीवाणू मुख्यतः दगड, गाळ, वनस्पती यांना चिकटून राहतात. तलावात अशी जागा भरपूर असते, पाणीही भरपूर. काचेच्या टाकीत ती जागा आपण द्यायची असते. तोच फिल्टर मीडिया. मी मळ समजून जीवाणूंची वस्तीच धुऊन टाकली. उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने गेले.

जागा म्हणजे पृष्ठफळ
1 सेमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौसेमी. त्याचे 1 मिमीचे 1000 घन केले, तर एकूण 60 चौसेमी. दहापट! मग बारीक वाळूच भरावी का? नाही. ती गाळाने तुंबते, आणि प्राणवायू पोहोचला नाही तर हे जीवाणू काम करत नाहीत. म्हणून पृष्ठफळ जास्त हवं आणि पाणीही वाहतं हवं.

काय निवडावं?
4 × 1.5 × 1.5 फुटांची टाकी म्हणजे 9 घनफूट, साधारण 255 लिटर पाणी. तिच्यासाठी :
1. जाड स्पंज : पाणी आत येतं तिथे. कचरा अडतो, जीवाणूही राहतात.
2. सच्छिद्र सिरॅमिक रिंगा : स्पंजनंतर. मुख्य काम यांचं.
3. बायोबॉल : पाणी वरून ठिबकत असेल तर चांगले, बुडवून ठेवायचे असतील तर रिंगा बऱ्या.
4. प्लास्टिकची नवी, साबण नसलेली घासणी : स्वस्त आणि उपयोगी.

आपल्याकडचा काळा दगड यासाठी फारसा कामाचा नाही. तो बहुधा भरीव असतो. जिथे छिद्रं असतात, तिथेही ती अनेकदा खनिजांनी भरलेली असतात.

आपल्या भागात ही काळजी घ्या
उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाणी आम्लारिधर्मी असेल तर अमोनिया अधिक विषारी ठरतो. लाइट बराच वेळ गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जीवाणू गुदमरतात. म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवा. नव्या टाकीत जीवाणूंची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडा आणि खाद्य बेताने द्या.

मीडिया धुवायचा तर टाकीतल्याच बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने, एका वेळी अर्धाच. ते पाणी फेकू नका, कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खत होतं आणि पाणीटंचाईत एक बादली वाचते.

मुलांना ती बादली कुंडीत ओतायला सांगा. नायट्रोजन चक्र तिथे प्रत्यक्ष दिसेल.