लकवा : आधी, त्या वेळी आणि नंतर
(कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की मेंदूच्या त्या भागाचे काम एकाएकी थांबते. तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणे अडखळते. आपल्या गावांत याला लकवा म्हणतात, पुस्तकात पक्षाघात आणि दवाखान्यात स्ट्रोक.

हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार आहे, अशी समजूत अजूनही आढळते. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात 86 गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण 1599 मृत्यूंपैकी 229 मृत्यू लकव्याने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या क्रमांकावर होता. आणखी एक आकडा आपण लक्षात ठेवावा : लकव्याने गेलेल्या दर 100 जणांपैकी 87 जण घरीच वारले.

म्हणून या पाठात आपण जगभरच्या संशोधनाकडे एकाच प्रश्नातून पाहणार आहोत : मोठे रुग्णालय दूर असताना आपल्या हातून काय होऊ शकते?

1. आधी : रक्तदाब आणि मीठ

लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे आहे. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. मोजला तरच कळतो.

बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील खेड्यांत एक प्रयोग झाला. तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य सेविकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, खाण्यापिण्याविषयी सांगितले आणि गरज असेल त्यांना प्रशिक्षित डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांनी या गावांतील लोकांचा वरचा रक्तदाब इतर गावांपेक्षा सरासरी 5 अंकांनी अधिक उतरला होता. हे काम नेहमीच्या आरोग्य सेविकांनीच केले, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रयोग उत्तर चीनमधील 600 खेड्यांतला, सुमारे 21 हजार लोकांचा. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम असलेले मीठ दिले. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत लकव्याचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण साधे मीठ कमी करणे प्रत्येक घरात जमते. भातावर वरून मीठ घेऊ नये. खारवलेली मासळी, लोणचे, पापड बेताने खावेत. खर्रा, तंबाखू आणि दारूही रक्तदाब वाढवतात.

रक्तदाब पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गोळी सुरू झाली की “आता बरे वाटते” म्हणून ती बंद करू नये. गोळ्या अर्ध्यावर सुटणार नाहीत हे पाहणे, हेच आपले मोठे काम.

सिकलसेल असलेल्या मुलांनाही लकवा होतो, हे आपल्या भागात विसरून चालणार नाही. अमेरिकेत 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी 130 मुले होती. कानशिलावरून केलेल्या सोनोग्राफीत त्यांना धोका जास्त असल्याचे दिसले होते. नियमित रक्त दिलेल्या मुलांत एकाला लकवा झाला. न दिलेल्यांत अकरा जणांना. म्हणून सिकलसेलच्या मुलाचा हात-पाय थोडा वेळ जरी लुळा पडून पुन्हा बरा झाला, तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

2. त्या वेळी : घड्याळ पाहा

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा गुण 1995 मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने सिद्ध केला. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती; 2008 मध्ये ती साडेचार तासांपर्यंत वाढली. पण लकवा गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणून घरी ॲस्पिरिनसुद्धा देऊ नये.

तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे अस्पष्ट : यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसले तर 108 ला फोन करावा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. सीटी स्कॅन जिथे आहे तिथेच न्यावे. पुजाऱ्याची वाट पाहण्यात, मालिश करण्यात, कबुतराचे रक्त चोळण्यात तास निघून जातात. पुजाऱ्यांशी भांडण नको. “आधी गाडी, मग बाकीचे” एवढे त्यांच्याकडूनच सांगवून घेता आले, तर गाव ऐकते.

साडेचार तास उलटून गेले तरी न्यायचेच. ऑस्ट्रेलियातील 19 रुग्णालयांपैकी काही रुग्णालयांत परिचारिकांना तीन गोष्टी शिकवल्या : ताप उतरवणे, साखर तपासणे आणि रुग्णाला गिळता येते का ते पाहणे. तीन महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन आलेले रुग्ण 100 पैकी 58 ऐवजी 42 राहिले. यातून घरासाठी एक नियम निघतो : गिळणे तपासले जाईपर्यंत रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो.

3. नंतर : घाई नको, खंड नको

लवकर आणि भरपूर व्यायाम दिला तर रुग्ण लवकर उठेल, असे सर्वांनाच वाटते. पाच देशांतील 2104 रुग्णांवरील अभ्यासात, पहिल्या 24 तासांतच जोराने हालचाल सुरू केलेल्यांची प्रगती उलट थोडी कमी झाली. हालचाल डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करावी. थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा.

भारतात 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन आलेल्यांचे प्रमाण सारखेच, 47 टक्के होते. या निष्कर्षाने निराश होऊ नये. काही दिवसांच्या शिकवणीवर सारा भार घरच्यांवर टाकणे पुरत नाही, एवढे तो सांगतो. फिजिओथेरपिस्टकडे नेणे आणि आपली पुन्हा पुन्हा भेट आवश्यकच राहते. रुग्ण सुधारला नाही तर सुनेला किंवा बायकोला “नीट केले नाही” असे कोणी बोलू नये, हेही आपण घरात सांगावे.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गावापासून सीटी स्कॅन असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?
2. तिशी ओलांडलेल्या किती जणांचा रक्तदाब या वर्षी मोजला गेला?
3. गोळ्या मध्येच सोडलेली माणसे कोण, आणि का सोडल्या? गोळ्या संपल्या, अंतर लांब की कोणी नको म्हटले?
4. लकवा झालेल्या कोणत्या घरी गेल्या महिन्यात आपल्यापैकी कोणीच गेले नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आणि 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा. पुढच्या बैठकीत तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करू.