सत्त्वावजय आणि ग्रंथवाचन : रुग्णाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हा सत्त्वावजयाचा गाभा होय. मानस दोषांच्या शमनार्थ ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही साधनेही त्याच संहितेत उपदेशिली आहेत. तथापि आपल्या नित्याच्या व्यवसायात युक्तिव्यपाश्रयाचीच चलती असते. अनिद्रा, अम्लपित्त वा हृद्‌द्रव घेऊन आलेल्या रुग्णाच्या मुळाशी शोक, भय वा गृहकलह आहे हे जाणूनही, वेळेअभावी आपण चूर्णाच्या पुड्या बांधून देतो. अशा ठिकाणी सुयोग्य ग्रंथ हे वैद्याचे उत्तम साहाय्यक ठरू शकते. मात्र औषधाप्रमाणे ग्रंथालाही पात्रापात्रविचार आहे. त्या दृष्टीने आम्ही येथे काही निवडक पुस्तकांचा विचार करीत आहोत.

१) वैद्याने प्रथम स्वतः वाचावयाचे

चरकसंहितेतील सूत्रस्थानाचे सातवा व आठवा हे अध्याय (धारणीय वेग व सद्‌वृत्त), तसेच शारीरस्थानाचा चौथा अध्याय (सोळा सत्त्वप्रकार) पुन्हा वाचावेत. रुग्णाची सत्त्वपरीक्षा केल्याविना ग्रंथयोजना करणे म्हणजे अग्नी न पाहता घृत देणे होय. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील आध्यात्मिक तापाचा समासही अवश्य पाहावा. त्यात समर्थांनी व्याधींची जी नामावळी दिली आहे, ती मराठी माणसाच्या व्याधिविषयक शब्दसंपत्तीचा ठेवाच आहे.

२) मानसशास्त्र

डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा परिचय करून देते. घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला आग्रही विचार अधिक क्लेश देतो, हे त्या पद्धतीचे सूत्र प्रज्ञापराधाच्या कल्पनेशी ताडून पाहण्याजोगे आहे. क्रोधी व चिंताशील, परंतु विचारक्षम रुग्णास ते द्यावे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचा नाझी छळछावण्यांतील अनुभवांवरील ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला; ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने तो मराठीत उपलब्ध आहे. दीर्घ व्याधीने जीवन निरर्थक वाटू लागलेल्यास तो आधार देतो. परंतु शोक ताजा असताना तो देऊ नये, कारण त्यातील वर्णने दारुण आहेत.

३) तत्त्वज्ञान

१९१५ साली प्रसिद्ध झालेले लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ श्रेष्ठ खरे, पण रुग्णासाठी ते गुरुपाकी आहे. त्याऐवजी विनोबांची ‘गीता प्रवचने’ द्यावीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सहबंद्यांपुढे दिलेली ही प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. श्रोत्यांत सर्व प्रकारचे लोक असल्याने भाषा लघुपाकी आहे. एकेक अध्यायावर एकेक प्रवचन असल्याने आठवड्यास एक अशी मात्राही सहज ठरविता येते.

४) आरोग्य

गर्दे यांचे ‘सार्थ वाग्भट’ वैद्याच्या मेजावर असावेच. त्यातील दिनचर्याध्याय सुशिक्षित रुग्णासही समजावून देता येतो. हृद्रोग्यास डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) द्यावे. वैद्यकातील जाणकारही स्वतःच्या आहारविहाराकडे कसे दुर्लक्ष करतो, हे त्यात प्रांजळपणे आले आहे. पथ्याचा कंटाळा करणाऱ्यास आपल्या दहा उपदेशांपेक्षा ते अधिक पटते.

५) कौटुंबिक जीवन

नवविवाहितांसाठी डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ उपयुक्त आहे. धातुक्षयाच्या निराधार भयाने वाजीकर औषधे मागणाऱ्या तरुणास पुष्कळदा पाकाऐवजी हे पुस्तकच पुरेसे होते. औषधविक्रेत्या बंधूंनी याची विशेष दखल घ्यावी. व्यसनी रुग्णाच्या कुटुंबियांस अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ द्यावे. ‘श्यामची आई’ (१९३५) घरोघरी वाचली जाते व जावी. परंतु प्रसूतीनंतर खिन्न झालेल्या स्त्रीस ती देऊ नये. आदर्श मातृत्वाचे ते चित्र तिची अपराधभावना वाढविण्याची भीती असते.

ग्रंथ देण्याची रीत

एका वेळी एकच पुस्तक, त्यातही खूण केलेले एखादेच प्रकरण द्यावे. रात्री जागून वाचू नये असे बजावावे. पुढील भेटीत ‘काय वाचले?’ असे न विचारता ‘कोणते वाक्य मनात राहिले?’ असे विचारावे. चिकित्सेचा धागा तेथेच सापडतो. अल्पशिक्षितास घरातील कोणी वाचून दाखवावे. औषधालयात अशा दहा-बारा पुस्तकांची फळी व देवघेवीची एक वही ठेवल्यास खर्च अल्पच येतो.

निषेध

घोर विषाद, भ्रम, आभास वा आत्मघाताचे विचार असता ग्रंथ हा उपाय नव्हे. अशा रुग्णास ‘विचार बदला’ सांगणारे पुस्तक दिल्यास, आपण विचारही बदलू शकत नाही, असा नवा दोष तो स्वतःस लावून घेतो. आत्मघाताचे विचार येतात काय, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने ते बळावतात हा गैरसमज आहे. रुग्णास एकटे न सोडता नातेवाइकांसह त्वरित मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भागी लावावा. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या सल्ल्याने बंद होऊ देऊ नयेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. असे सहकारी जवळपास असल्यास त्यांचाही सल्ला घ्यावा.

सारांश, पुस्तक हे अनुपान आहे. मुख्य औषध वैद्याचे लक्षपूर्वक ऐकणे हेच होय. वाचकांनी आपापल्या अनुभवातील ग्रंथांची नावे, कोणास दिले व काय गुण आला या तपशिलासह अवश्य कळवावीत.